डॉ. वाल्डेमार हाफकिन : लस शोधणारा आणि नोंदी जपणारा माणूस



परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कोणाला ते पोलिओच्या डोसमुळे माहीत असतं, कोणाला साप चावल्यावर देतात त्या इंजेक्शनमुळे. पण हे हाफकिन कोण होते, कुठून आले आणि मुंबईत त्यांनी काय केलं, हे एखाद्या मुलाने विचारलं तर आपण दोन वाक्यांपुढे जात नाही. म्हणून आज त्यांचं चरित्र घेऊया.

पण ते थोड्या वेगळ्या बाजूने बघायचं आहे. दहावी-बारावीनंतर काय, हा प्रश्न पालक प्राथमिकच्या शिक्षकांनाही विचारतात. मोठी भावंडं असतात, शेजारची मुलं असतात. दवाखान्यातलं काम म्हटलं की डॉक्टर, नर्स, मेडिकलवाला आणि फार तर लॅबवाला एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण आणखी एक माणूस तिथे असतो, जो रोग्याला हात लावत नाही आणि तरीही उपचार त्याच्यावर अवलंबून असतो. तो म्हणजे रोग्याच्या नोंदी ठेवणारा. केस पेपर, नोंदवही, लसीचा बॅच नंबर, मृत्यूचं कारण, हे सगळं तो सांभाळतो. इंग्रजीत त्याला हेल्थ इन्फॉर्मेशन टेक्निशियन किंवा मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियन म्हणतात. या कामाचं मोल काय, हे हाफकिन यांच्या आयुष्यातून जितकं स्पष्ट कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळणार नाही. नोंदींनी त्यांची लस सिद्ध केली. एका चौकशीने त्यांचं नाव घालवलं. आणि त्याच चौकशीचे कागद पुन्हा नीट वाचले गेले तेव्हा त्यांच्यावरचा डाग पुसला गेला.

ओडेसा ते पॅरिस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात ते निसर्गविज्ञान शिकले. तिथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. याच मेचनिकोव्ह यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळालं.

त्या काळात रशियात ज्यूंवर हल्ले होत होते. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या बचावासाठी उभे राहिले आणि पकडले गेले. मेचनिकोव्ह यांनी मध्ये पडून त्यांना सोडवलं. शिक्षण पूर्ण झालं, पण प्राध्यापकाची जागा हवी असेल तर धर्म बदलावा लागणार होता. हाफकिन यांनी ते मान्य केलं नाही. काही वर्षं प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात काम केलं आणि 1888 मध्ये देश सोडून ते जिनिव्हाला गेले.

दुसऱ्या वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. मेचनिकोव्ह तिथे आधीच होते. मात्र संशोधकाची जागा रिकामी नव्हती, रिकामी होती ग्रंथालयातली. ती हाफकिन यांनी घेतली. दिवसा पुस्तकं आणि कागद, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. मुलांना हे आवर्जून सांगावं असं मला वाटतं. मनासारखं काम मिळेपर्यंत हाती आलेलं काम लहान मानायचं नसतं.

त्या वेळी युरोपात आणि आशियात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, माणसं मरत होती. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. प्राण्यांवर प्रयोग झाल्यावर 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, काही दिवसांत ते बरे झाले. लस माणसाला सोसते हे कळलं. पण ती रोग खरंच अडवते का, हे कसं कळणार? त्यासाठी जिथे पटकी आहे तिथे जायला हवं होतं. भारताचे पूर्वीचे व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांनी भारताकडे बोट दाखवलं, आणि 1893 मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले.

कलकत्त्याची वस्ती आणि पहिला हिशेब

कलकत्त्यात सुरुवात सोपी नव्हती. परका माणूस, हातात सुई, आणि आजारी नसलेल्यालाच टोचणार! लोकांनी दगड मारले. तरी ते उत्तर भारतात फिरले, छावण्यांत गेले, चहाच्या मळ्यांत गेले. अडीच-तीन वर्षांत चाळीस हजारांहून जास्त माणसांना त्यांनी लस दिली.

पण टोचण्यापेक्षा अवघड काम पुढे होतं. कोणाला टोचलं, कोणाला टोचलं नाही, त्यांतल्या कोणाला नंतर पटकी झाली, हे लिहून ठेवायचं होतं. कलकत्त्यात 1894 मध्ये काठाल बागान नावाच्या वस्तीत सुमारे 200 माणसं राहत होती. तिथे पटकी शिरली. त्यांतल्या 116 जणांनी लस घेतली. नंतर वस्तीत जे आजारी पडले ते न टोचलेल्यांपैकी होते. पाणी तेच, गल्ली तीच, फरक फक्त लसीचा.

हा फरक दिसला कसा? न टोचलेल्यांचीही नोंद होती म्हणून. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपण सहसा केलेल्या कामाचीच नोंद ठेवतो. इतक्यांना लस दिली, इतक्यांना गोळ्या वाटल्या. पण ज्यांना दिली नाही त्यांचं काय झालं, हे लिहिलं नाही तर दिल्याचा उपयोग झाला की नाही हे कधीच समजत नाही. वर्गातही तसंच असतं. आलेल्या मुलांसोबत गैरहजर मुलांचीही नोंद असते, तेव्हाच हजेरीपत्रकाला अर्थ येतो.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी एक वेगळा ताप ओळखला. काखेत, जांघेत गाठी येत होत्या आणि माणसं काही दिवसांत दगावत होती. तो प्लेग होता. लोक शहर सोडून पळू लागले. गिरण्या, गोदी, बाजार ओस पडत गेले.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये ते आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या मोठ्या साथीसमोर एवढंच मनुष्यबळ! त्यातही एक जागा कारकुनाची होती हे लक्षात ठेवा. लिहिणारा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत होता.

प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचं पाणी लागे. इथल्या लोकांच्या भावनांचा विचार करून हाफकिन यांनी गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून बोकडाचं मांस वापरलं. त्या पाण्यावर तुपाचे थेंब सोडले की जंतू तुपाला धरून खाली लोंबत वाढत. आपल्या स्वयंपाकघरातलं तूप प्लेगच्या लसीत कामाला आलं, हे सांगितलं की मुलं कान टवकारतात! नंतर ते जंतू तापवून मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालून लस टिकवायची.

तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी पुन्हा पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मात्राही मोठी घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते त्यातून उठले.

याच साथीत पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. आपण शाळेत दरवर्षी सावित्रीबाईंबद्दल बोलतो. त्या वेळी हाफकिन यांचंही नाव घेता येईल. एकाच साथीशी एकाच वेळी दोन माणसं दोन वाटांनी लढत होती.

भायखळ्याचा तुरुंग

जानेवारी 1897 च्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी कैद्यांना विचारलं, जे तयार झाले त्यांनाच टोचलं. सुमारे दीडशे जणांनी लस घेतली, पावणेदोनशेच्या आसपास राहिले. दोन्ही गटांचं जेवण एक, कोठड्या त्याच, कामं तीच. टोचणीच्याच दिवशी जे आधीपासून आजारी असल्याचं दिसलं त्यांचा हिशेब वेगळा ठेवला गेला. पुढच्या आठवड्यात न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला, त्यांतले 6 वारले. टोचलेल्यांपैकी 2 जणांना झाला आणि दोघेही वाचले.

तुरुंग का निवडला असेल? साथ तिथे शिरली हे एक कारण. पण तुरुंगात प्रत्येक माणसाचं नाव, आल्याची तारीख, कोठडी, आजारपण हे रोज लिहिलं जातं. कोणी गावाला जात नाही, कोणी नोंदीतून निसटत नाही. बाहेर मुंबईत तेव्हा याच्या उलट चाललं होतं. आज इथे असलेली माणसं उद्या कोकणात, परवा घाटावर.

आणखी एक गोष्ट घडत होती. प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून झडत्या होत होत्या, रोग्यांना ओढून नेलं जात होतं. पुण्यात तर याचा कडेलोट झाला आणि जून 1897 मध्ये रँडचा वध झाला. भीतीमुळे लोक घरातला आजारी माणूस लपवत, मेलेल्याचं कारण दुसरंच सांगत. परिणाम काय? नोंद खोटी झाली की साथ कुठे आहे हेच कळत नाही. म्हणजे नोंद ठेवणाऱ्याला नुसतं अक्षर चांगलं असून भागत नाही. आपण खरं सांगितलं तर आपलं वाईट होणार नाही, हा विश्वास लोकांना वाटावा लागतो. आजच्या अभ्यासक्रमात रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा स्वतंत्र भाग असतो, तो याचसाठी.

दमण आणि उंढेरा : आकड्यांचा धडा

1897 मध्ये आपल्या ठाणे-पालघरच्या वरच्या अंगाला असलेल्या दमणमध्ये प्लेग पसरला. तिथे 2,197 जणांनी लस घेतली, त्यांतले 36 वारले. 6,033 जणांनी घेतली नाही, त्यांतले 1,482 वारले. हे आकडे फळ्यावर लिहून सहावी-सातवीच्या मुलांना शेकडेवारी काढायला सांगा. लस घेतलेल्या शंभरांत साधारण पावणेदोन मृत्यू, न घेतलेल्या शंभरांत साधारण पंचवीस. गणिताचं उदाहरण म्हणून मुलं हे सोडवतील आणि उत्तर बघून गप्प होतील.

तरीही शंका उरतेच. लस घ्यायला पुढे येणारी माणसं कदाचित जास्त काळजी घेणारी, चांगल्या घरांत राहणारी असतील. मग जगली ती लसीमुळे की घरामुळे? या शंकेचं उत्तर शोधायला 1898 मध्ये बडोदा संस्थानातलं उंढेरा गाव निवडलं गेलं. गावाची घरटी यादी केली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं. एका चुलीवर जेवणारी, एका छपराखाली झोपणारी माणसं, काही टोचलेली आणि काही न टोचलेली. नंतर 28 कुटुंबांत प्लेग झाला. त्या कुटुंबांतल्या 71 टोचलेल्यांपैकी 3 वारले. 64 न टोचलेल्यांपैकी 26 वारले.

हे आकडे वाचताना मन जड होतं, कारण प्रत्येक आकडा म्हणजे कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ. पण उंढेऱ्याची यादी नसती तर कोट्यवधी लोकांना लस द्यायचा निर्णय कोणी कशाच्या आधारावर घेतला असता? मुंबईत आगाखान यांनी सर्वांसमोर टोचून घेऊन खोजा समाजाला धीर दिला. लस मागणारे वाढले. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

बाटली क्रमांक 53-एन

यापुढचा भाग शिक्षकांनी आधी स्वतः नीट वाचावा आणि मग मुलांच्या वयानुसार सांगावा.

1902 मध्ये पंजाबात मोठ्या प्रमाणावर लसीकरण सुरू झालं. लस परळहून जात होती. 30 ऑक्टोबरला मुल्कोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, 107 जणांना टोचलं. काही दिवसांनी त्यांतल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे वारले. बाकीचे 88 जण ठीक होते.

कोणाला कोणत्या बाटलीतून टोचलं हे माहीत होतं, म्हणून एक गोष्ट लगेच समजली. ते 19 जण एकाच बाटलीतले होते. बाटली क्रमांक 53-एन. बाकीच्या बाटल्यांत दोष नव्हता. क्रमांक नसता तर अख्खी लस विषारी ठरली असती आणि देशभरची मोहीम कायमची बंद पडली असती.

आपल्या पूर्णा गावात आणि आसपास राहणाऱ्या पालकांना बॅच नंबर म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. इथली कितीतरी माणसं गोडाऊनमध्ये काम करतात. खोक्यावरचा बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, चलन, स्कॅनर हे त्यांचं रोजचं काम. एका बॅचमध्ये बिघाड निघाला की तेवढीच खोकी वेगळी काढतात. मुल्कोवालला तेच झालं, फक्त खोक्यांच्या जागी माणसं होती.

पण बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले कुठे? परळला भरताना की गावात उघडताना? हाफकिन यांनी लस लवकर तयार व्हावी म्हणून पद्धतीत बदल केला होता आणि कार्बोलिक ॲसिड घालणं बंद करून उष्णतेवर भर दिला होता. चौकशी आयोगाने याच बदलावर बोट ठेवलं. जंतू प्रयोगशाळेतच शिरले असावेत असा निष्कर्ष काढला आणि दोष हाफकिन यांच्या माथी आला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. परदेशी होते, ज्यू होते. त्यांच्या बाजूने बोलणारे फार कोणी नव्हते. त्यांना कामावरून दूर करण्यात आलं आणि 1904 मध्ये त्यांनी भारत सोडला.

पाच वर्षांचा डाग

चौकशीची कागदपत्रं छापून बाहेर यायला 1906 साल संपत आलं. ती आल्यावर लोकांनी बारकाईने वाचली. त्यात एक साधी नोंद होती. मुल्कोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं गेलं होतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण मुलांना आरोग्याच्या पाठात सांगतोच. आणखी एक गोष्ट होती. जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर उघडताना घाण वास आला असता. तो आला नव्हता.

रोनाल्ड रॉस, ज्यांनी डासांमुळे मलेरिया होतो हे सिद्ध केलं, ते हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै 1907 मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये एकत्र पत्र लिहिलं. त्यांचा आधार तेच कागद होते जे चौकशीसमोर आधीपासून होते. नवा पुरावा शोधावा लागला नाही, जुना वाचावा लागला. 1907 च्या शेवटी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केलं.

ते भारतात परतले, पण परळला त्यांची जागा भरली गेली होती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळालं, मात्र माणसांवर लसीचे प्रयोग करायची मुभा नव्हती. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं त्यांनी धर्मकार्यात आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी मदत करण्यात घालवली. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

त्याआधी, 1925 मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं होतं. तोपर्यंत मुंबईतून प्लेगच्या लसीचे 2 कोटी 60 लाख डोस बाहेर गेले होते. आणि ते 19 जण? त्यांची नावं आपल्या वाचनात येत नाहीत, फक्त संख्या येते. चिमटा पडला त्याच क्षणी तो बाजूला ठेवून दुसरा घेतला असता तर ते घरी परतले असते. आणि पडल्याची नोंद वेळेवर वाचली गेली असती तर एका माणसाची पाच वर्षं वाया गेली नसती. नोंद लिहिणं हे अर्धं काम. ती योग्य माणसाने योग्य वेळी वाचणं हे दुसरं अर्धं.

आज हे काम शिकायचं म्हणजे काय?

हाफकिन यांच्या काळी कारकून हे काम करत. आज त्याचं स्वतंत्र शिक्षण आहे. मोठ्या रुग्णालयांत मेडिकल रेकॉर्ड विभाग असतो. तिथे काय शिकून जावं लागतं ते थोडक्यात सांगतो.

1. शरीराची आणि रोगांची भाषा. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचता आलं पाहिजे, समजलं पाहिजे.

2. रोगांचे संकेतांक. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची यादी जगभर वापरतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत पटकीचा संकेतांक ए00 आहे, प्लेगचा ए20 आणि मोठ्यांच्या धनुर्वाताचा ए35. कोणी पटकी म्हणो, कोणी कॉलरा, कोणी हैजा, संकेतांक एकच. म्हणून भिवंडीचा आकडा आणि ब्राझीलचा आकडा शेजारी ठेवता येतो. अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू झाली आहे.

3. कागद आणि संगणक दोन्हीवरची मांडणी. एका रुग्णाचा एकच क्रमांक, आणि मागितल्यावर काही मिनिटांत केस पेपर हाती. आता आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला 14 अंकी आभा क्रमांक मिळतो. तोही याच कामाचा भाग आहे.

4. जन्म-मृत्यूची नोंद आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे.

5. साधं संख्याशास्त्र. दमणच्या आकड्यांची शेकडेवारी काढणं हे त्याचं पहिलं पाऊल.

6. गुप्तता. शेजारणीला काय झालंय हे माहीत असूनही घरी येऊन न बोलणं. हे सगळ्यांत अवघड!

बारावीनंतर हा मार्ग घेता येतो, विज्ञान शाखा असेल तर बरं. मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनचं प्रशिक्षण दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आणि पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत दिलं जातं. काही विद्यापीठांत हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट या विषयात पदवीही आहे. 2021 मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात या व्यवसायाचा वेगळा गट म्हणून समावेश आहे. पालकांना एकच विनंती. गल्लीबोळात निघालेल्या क्लासची जाहिरात बघून पैसे भरू नका. प्रमाणपत्र कोण देतं, त्याला मान्यता कोणाची, आणि शिकताना रुग्णालयात प्रत्यक्ष काम करायला मिळतं का, हे तीन प्रश्न आधी विचारा.

गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या आई-वडिलांच्या मुलाला हे काम परकं वाटायचं कारण नाही. तपासून लिहिणं, क्रमांक जुळवणं, चुकलेलं लगेच कळवणं, हे त्याने घरी ऐकलेलं असतं. फरक एवढाच की चुकीच्या लेबलाचं खोकं नाशिकऐवजी नागपूरला गेलं तर परत येतं. चुकीच्या रक्तगटाची नोंद झाली तर परतीची गाडी नसते.

वर्गात काय घेता येईल?

- मुलांना घरून आपलं लसीकरण कार्ड बघून यायला सांगा. कोणती लस कोणत्या तारखेला, एवढंच वहीत लिहायचं. कार्ड हरवलं असेल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडे चौकशी करायला पालकांना सुचवा.
- आठवडाभर वर्गाची गैरहजेरी कारणासह नोंदवा. ताप, पोटदुखी, गावाला, लग्न. शनिवारी त्याचा स्तंभालेख काढा. मात्र कोणाचा आजार चेष्टेचा विषय होणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या.
- एक प्रसंग द्या : वर्गात पाच बाटल्यांतून पाणी वाटलं, चार मुलांचं पोट दुखलं. कोणत्या बाटलीत दोष होता हे शोधायला आधी काय लिहून ठेवायला हवं होतं? मुलांना स्वतः उत्तरापर्यंत येऊ द्या.
- मोठ्या वर्गांसाठी दमण आणि उंढेरा यांची शेकडेवारी. त्यानंतर एक प्रश्न : या दोन्हींतली कोणती तुलना जास्त खात्रीची, आणि का?

मुलांच्या वहीत आपण रोज तारीख, वार आणि विषय लिहून घेतो. बरीच मुलं कंटाळतात, काही तारीख लिहीतच नाहीत. पुढच्या वेळी त्यांना मुल्कोवालच्या बाटलीची गोष्ट सांगा. त्या छोट्याशा क्रमांकाने एक लस वाचवली, आणि त्या लसीने लाखो माणसं. मग तारीख का लिहायची हे वेगळं समजवावं लागणार नाही.

लेख आवडला तर आपल्या शाळेच्या पालक गटात जरूर पाठवा.